तात्यांचं कोडं आणि केरबाचं लग्न

एका गावात एक भोळा केरबा आहे. ‘होता’ म्हणत नाही, कारण त्याच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. मी मुद्दाम ऐकत नाही, पण भिंत पातळ आहे.

केरबाचं वय पस्तीस. पाच ठिकाणी नकार. शेवटची आशा खालच्या आळीतली द्रुपदा. पण तिचे वडील तात्या, बघायला येणाऱ्याला आधी कोडं घालणार, मग पोहे देणार.

मंगळवारी केरबा गेला. तात्या म्हणाले, “समजा, कालच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. तर उद्याच्या दुसऱ्या दिवशी वार कोणता?”

“तात्या, तो रविवार होता,” केरबा म्हणाला. “आमच्याकडे मटण होतं.”

दाराआडून द्रुपदा खुदकन हसली. पोहे मात्र आतच राहिले.

घरी त्याच्या आईनं, ठकूबाईनं, कपाळ बडवलं. “अरे, वडीलधारं माणूस ‘समजा’ म्हणालं, की ते झालंच असं धरायचं. वाद घालायचा नाही!”

“बरं,” केरबा म्हणाला.

ठकूबाईनं तात्यांच्या हातापाया पडून पुढच्या मंगळवारी पुन्हा बोलावणं आणलं. सकाळी केरबा दाढीला बसला. कोडं एव्हाना गावभर झालेलं. म्हातारा न्हावी म्हणाला, “सोपं आहे रे. समजा, आज शनिवार...”

केरबा ताडकन उठला. शनिवारी दाढी? त्यांच्या घरात चालत नाही. एक गाल गुळगुळीत आणि एका गालावर फेस, असा घरी आला.

“काम अर्ध्यावर टाकून उठायचं नाही!” ठकूबाई ओरडली. “पुरं झाल्याशिवाय जागा सोडायची नाही!”

“बरं,” केरबा म्हणाला.

अर्ध्या दाढीनिशी तो तात्यांच्या ओट्यावर बसला. तात्यांनी तेच कोडं घातलं. केरबानं मांडी ठोकली. संध्याकाळ झाली.

“घरी जा आता.”

“पुरं झालं नाही.”

बुधवारही बसून काढला. गुरुवारी समोर बाजार भरला, उठला. केरबानं एक बोट मोजलं. शनिवारी म्हणाला, “आता कालच्या आदल्या दिवशी गुरुवार होता. बरोबर?” आणि पुन्हा बसला. द्रुपदा दोन वेळचं ताट आणून देत होती. तात्यांना भूक उरली नव्हती.

सोमवारी कोंबडं आरवलं आणि केरबानं तात्यांना गदागदा हलवलं. “सोमवार! आला बघा!”

उत्तर बरोबर होतं. आजवर बघायला आलेल्या कुणालाच आलं नव्हतं. द्रुपदा म्हणाली, “धरलेलं काम सोडत नाही हा माणूस. मला चालेल.”

तात्यांना ओटा मोकळा हवा होता. ते म्हणाले, “समजा, रविवारी लग्न झालंच! आता घरी जा बाबा.”

रविवार उजाडला. ठकूबाई पहाटेच मांडवात गेली. नवरदेवानं मारुतीच्या देवळात थांबायचं, तिथून वाजतगाजत न्यायचं, असं ठरलेलं. मी नथ घालत होते, तेवढ्यात केरबा दारात.

“काकू, तुमचं धान्याचं माप द्या जरा.”

दिलं. जन्मात एकदाच मी ‘कशाला’ विचारलं नाही, आणि त्याचं पाप मी अजून फेडतेय.

वाजंत्री देवळात गेली, तर नवरदेव नाही. वऱ्हाड धावत घरी आलं. केरबा उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवून, आत दोन ताटं वाढून बसलेला.

“अरे, मुहूर्त टळला!” ठकूबाई किंचाळली.

“लग्न झालंच, तात्याच म्हणाले. मी वाद घातला नाही. ती कुठाय? माप ओलांडायचंय तिला.”

निरोप मांडवात गेला. द्रुपदा पाटावरून उठली. मग मुंडावळ्या सोडत म्हणाली, “त्यांना सांगा, समजा ओलांडलं.”

केरबानं लगेच माप मला परत केलं. “झालं, काकू. आली ती.”

तेव्हापासून तो रोज दोन ताटं वाढतो. आणि ठकूबाई परवा भिंतीपलीकडून म्हणाली, “काही म्हणा हो, आमची सून उलटून बोलत नाही.”