खुंटीवरचा फेटा

“मग हेच शर्यतीचे टायर रस्त्यावरही चालवले, तर बिघडतं कुठं, वस्ताद?”

धैर्यशीलने नुकत्याच चार फेऱ्या मारल्या होत्या. गाडीचं इंजिन अजून धगधगत होतं.

कोल्हापूरजवळच्या माळावरची ती जुनी, ओस पडलेली धावपट्टी. दस्तगीर वस्तादांनी तिथे मोटारी पळवण्याची जणू तालीमच मांडली होती, आणि धैर्यशील त्याच तालमीत वाढला होता. आता तो पुण्याहून स्वतःची स्पोर्ट्‌स कार घेऊन परतला होता; मागून टेम्पोत टायरांचा दुसरा जोड आला होता. रविवारची शर्यत इथली अखेरची. पुढे हा माळ कारखान्याच्या कुंपणात जाणार होता. ती शेवटची शर्यत त्याला जिंकायची होती.

पण वस्तादांनी बॉनेटवर हात ठेवल्याखेरीज शिष्याने शर्यतीत उतरायचं नाही, असा इथला दंडक.

वस्तादांनी बॉनेटवर नव्हे, टायरवर हात ठेवला. लगेच मागे घेतला.

“तापलाय.”

“तापला की सोडत नाही, वस्ताद. मऊ रबर आहे. डांबराला चिकटतो.”

“आणि गार झाला की?”

धैर्यशील हसला. “गार व्हायच्या आत शर्यत संपलेली असते.”



“चहा घेऊ,” वस्ताद म्हणाले.

चहा आला. वस्ताद तो बशीत ओतून, फुंकर घालत, फार सावकाश प्यायले. हिवाळ्याची सकाळ होती. माळावरून गार वारा येत होता. पट्टीच्या भेगांतून गवत उगवलं होतं. कडेला रचलेल्या जुन्या टायरांवरचा चुना पार उडाला होता. धैर्यशीलला ते दिवस आठवले.

तेव्हा कुणाकडेच टायरांचा दुसरा जोड नसे. ज्या टायरवर यायचं, त्यावरच पळायचं, त्यावरच घर गाठायचं. गरजेतून आलेली ही रीत पुढे विधीच होऊन बसली. जिंकणाऱ्याला फेटा बांधला जाई, तोही धावपट्टीवर नव्हे; सगळे आपापल्या गाडीने वस्तादांच्या घरी पोहोचल्यावर, त्यांच्या दारात. पोरं कुरकुरत. म्हाताऱ्याला आपल्या अंगणात गर्दी हवी असते, म्हणत.

वस्तादांच्या घराच्या पुढच्या सोप्यात एका खुंटीवर मात्र एक गुलाबी फेटा कायम टांगलेला असे. घडी न मोडलेला. तो कुणाचा, हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

“संपला चहा,” वस्ताद उठले. “चल, घरी सोड मला.”

“याच गाडीतून?”

“का? मला काय टेम्पोत घालून नेणार हायेस?”

उसाचा हंगाम होता. बैलगाड्यांच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर आणला होता, त्यावर पाचट, आणि पाचटावर दव. धैर्यशीलला या रस्त्याचं वळण न् वळण पाठ होतं. विहिरीपाशी त्याने नेहमीच्या हिशेबाने ब्रेक दाबला.

गाडीने ऐकलं नाही.

ती आडवी होत, घसरत गेली, आणि उसाच्या एका गाडीपासून हातभर अंतरावर थांबली. बैलाने मान वळवून बॉनेट हुंगलं.

“ओ पाव्हणं!” गाडीवान वरून ओरडला. “एवढी भारी गाडी, आन् पायाला साबण लावून आलाय व्हय?”

वस्ताद एकटेच हसले.

बैलगाडी पुढे निघून गेली, तरी धैर्यशीलचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. वस्ताद सावकाश खाली उतरले. वाकून त्यांनी पुन्हा टायरवर तळवा ठेवला. या वेळी तो तिथेच राहिला...

“पुण्याहून ज्यांवर आलो ते टायर टेम्पोत आहेत, वस्ताद,” धैर्यशील खालच्या आवाजात म्हणाला. “पण त्यांवर मी पहिला येणार नाही.”

वस्तादांचा तळवा टायरवरच होता.

मग धैर्यशीलने विचारलं, “सोप्यातला तो फेटा... अजून आहे?”

“आहे.”

“कुणाचा तो?”

वस्तादांनी टायरवरचा हात काढला. तळव्याला लागलेला चिखल धोतराला पुसला. विहिरीकडच्या वळणाकडे पाहत ते म्हणाले,

“पहिला आला होता, त्याचा.”