शिंपिणीचा रियाज

त्या राज्यातली पाखरं फार कामाची होती. कोण किती झटपट घरटं बांधतो, यावर ज्याची त्याची पत ठरे. एकदा बांधून झालं की पुन्हा काडीला चोच लावायची नाही, असा तिथला रिवाज.

शिंपीण तेवढी वेडी निघाली. या चिमुकल्या पाखराला ना अंडी, ना पिल्लं. तरी बया बारा महिने पानं शिवत बसायची. पानाच्या कडांना चोचीनं भोकं पाडायची, कोळिष्टकाचा धागा ओवायचा, दोन कडा जवळ आणायच्या. पानगळ आली की शिवलेलं सगळं मातीत. शेजारची साळुंकी हसायची, "अगं, कुणासाठी हा आटापिटा? रिकामा न्हावी अन् भिंतीला तुंबड्या लावी!"

सुरुवातीला शिंपीणही काही कमी तापट नव्हती. धागा खसकन ओढायची, पान फाटायचं, मग पानालाच शिव्या. "मेलं नाजूक!" शेकडो पानं फाडली, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं की प्रत्येक पानाची सोसायची ताकद निराळी असते. एखाद्या कोवळ्या पानाकडं तर दुपारभर नुसतं बघत बसावं लागतं. ती तशी बसायला शिकली. राज्यात याला कुणी काम म्हणत नसे.

पुढं साळुंकीनं मिरवायला म्हणून घरट्यात एक चकचकीत दोरा गुंफला. नेमका उडायच्या दिवशी तिच्या पिल्लाचा पाय त्यात अडकला. कावळ्यानं ओढून पाहिलं, पोपटानं ओढलं, आईनं तर जिवाच्या आकांतानं ओढलं. पिल्लू फडफडे, तसा फास आवळे. पाय काळानिळा पडला. शेवटी दरबारातून हुकूम आला: पाय तोडा, जीव तरी वाचेल. सुतारपक्षी चोच घासू लागला.

साळुंकी धावत शिंपिणीच्या फांदीवर आली. "माझं पिल्लू, माझं पिल्लू" म्हणत नुसती रडत होती बिचारी. शिंपीण लगेच निघाली.

ती घरट्याच्या काठावर बसली. "ओढ की! बघतेस काय?" सगळे ओरडले. तिनं धाग्याला चोचही लावली नाही. बराच वेळ ती पिल्लाकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "कुठं दुखतंय रे राजा?"

सकाळपासून एवढी गर्दी जमली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. पिल्लू हमसून हमसून रडलं आणि पहिल्यांदाच फडफडायचं थांबलं. तेवढ्यानंच फास जरा ढिला झाला. मग त्यानं आपण होऊन तो सुजलेला पाय तिच्या चोचीपुढं धरला.