लाल बुटांची टाच

बायझँटियममध्ये लाल बूट ज्याच्या पायात, तो सम्राट. फिलारेटोस सात वर्षं ते घालून मिरवला. मग सेनापती पांक्राटोसनं बंड केलं, पळणाऱ्या फिलारेटोसला धरलं आणि बूट आपल्या पायात चढवले.

भर दरबारात पाय पुढे करून तो गरजला, "बुटांचं चुंबन घे, नाहीतर डोळे काढतो!"

फिलारेटोसनं मुकाट्यानं वाकून चुंबन घेतलं. मग म्हणाला, "महाराज, डावी टाच तेवढी ठोकून घ्या. पळताना तीच निखळली आणि मी तोंडावर आपटलो. मोची सांगत होता, पण माझ्यासारख्या शहाण्याला कोण समजावणार?"

"मला कशाला पळावं लागेल?"

"मीही मोच्याला हेच म्हणालो होतो, महाराज."

फिलारेटोसचे डोळे वाचले. राजवाड्यात दुपारीच मोची आला.