गजाननराजांच्या मापाचा अंगरखा

"गाडी घाट चढली पाहिजे, आणि मी भरलेला एकही आकडा बदलता कामा नये!" बोरगडच्या त्र्यंबकराजांनी हुकूम सोडला आणि बिचारा हैबती मान खाली घालून उभा राहिला.

हैबती हा राज्यातला एकुलता एक ट्यूनर. हल्ली गाडीच्या इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो. किती हवेला किती पेट्रोल सोडायचं, ते त्यातले आकडे ठरवतात. इंजिनात काही बदल केला, की ते आकडे त्या गाडीला नव्यानं जुळवावे लागतात. हैबतीचं पोट त्यावरच चालायचं. पण महाराजांनी गाडीला इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा भला मोठा टर्बो बसवला आणि म्हणाले, "ट्यूनर कशाला हवाय? आकडेच तर भरायचेत! अख्खं राज्य चालवतो मी!"

मग त्यांनी केलं काय? शेजारच्या तांबेगडच्या गजाननराजांकडून त्यांच्या गाडीचे आकडे मागवले आणि लॅपटॉपसमोर बसून जसेच्या तसे आपल्या गाडीत भरले. गजाननराजांची गाडी घाट सुसाट चढायची. महाराजांची गाडी मात्र फाटकापाशीच खोकू लागली. काळ्या धुराचा लोट उठला, मागे उभ्या असलेल्या दिवाणजींचा पांढरा फेटा काळा झाला आणि गाडी बंद पडली ती पडलीच!

इकडे दसरा तोंडावर आलेला. सीमोल्लंघनाला महाराज गाडीनं घाट चढणार आणि वर गजाननराजे वाट बघत उभे असणार. त्यांच्यासमोर गाडी ढकलत न्यायची म्हणजे नाक कापलं जाणार!

"महाराज, थोडे आकडे बदलू द्या," हैबती काकुळतीनं म्हणाला.

"बदलू द्या? म्हणजे राजाचं चुकलं म्हणतोस? याच आकड्यांवर गजाननराजांची गाडी घाट चढते आणि तांबेगड टाळ्या वाजवतं! गाडी चढली नाही, तर तुझं गॅरेज बंद. तिथे माझ्या हत्तीचा चारा भरेन!"

दिवाणजींनी काळा फेटा हलवून होकार दिला. त्यांचं कामच ते.

हैबती घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची बायको सगुणा शिवणयंत्रावर महाराजांचा दसऱ्याचा अंगरखा शिवत होती. बोरगड आणि तांबेगड, दोन्ही राजवाड्यांचं शिवणकाम तिच्याकडेच असायचं.

"सगुणा, गॅरेज गेलं गं," म्हणून त्यानं सगळं सांगितलं.

"अहो, आकडे कुणाचे म्हणालात?"

"गजाननराजांच्या गाडीचे."

सगुणानं यंत्र थांबवलं. हातातला अंगरखा बाजूला ठेवला आणि दुसरं मोठं कापड उलगडलं. "तुम्ही जेवून घ्या. मला अंगरखा पहिल्यापासून शिवायचाय."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती हैबतीला घेऊन दरबारात हजर झाली. महाराजांनी हौसेनं अंगरखा अंगात घातला आणि त्यात दिसेनासेच झाले! बाह्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होत्या, गळ्यातून एक खांदा बाहेर आला होता आणि पोटापाशी तर अजून एक महाराज सहज मावले असते.

"शोभतोय, महाराज!" दिवाणजी सवयीनं म्हणाले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"सगुणे! हे काय शिवलंयस?"

सगुणानं चेहरा अगदी भोळा केला. "काही चुकलं का, महाराज? मापं तर उत्तम आहेत. गजाननराजांची आहेत! याच मापाचा अंगरखा घालून ते निघाले, की अख्खं तांबेगड बघत राहतं."

"अगं, पण ते केवढे, मी केवढा!"

"आयती मापं हाताशी होती. मग पुन्हा टेप कशाला धरायची?"

"उद्या दसरा आहे! आत्ताच्या आत्ता उसवून नीट कर!"

"करते की! फक्त एक अट आहे, महाराज. एकही टाका उसवायचा नाही. शिवण मी घातलीय. ती बदलली, तर माझं चुकलं असं होईल ना!"

"टाका न उसवता हा अंगरखा मला बसणार कसा?" महाराज ओरडले.

"सोपं आहे! महाराजांनी गजाननराजांएवढं व्हावं!"

तिनं टाळी वाजवली. आचारी लाडवांची परात घेऊन आत आला आणि त्यानं ती महाराजांपुढे ठेवली.

"उद्या सकाळपर्यंत वेळ आहे," सगुणा म्हणाली. "घ्या, सुरुवात करा!"

महाराजांनी लाडवांकडे पाहिलं, लोंबत्या बाह्यांकडे पाहिलं, मग खिडकीतून अंगणातल्या बंद गाडीकडे पाहिलं. आणि एकाएकी ते इतके हसत सुटले, की बाह्या फडफडायला लागल्या!

"हैबती, काय बदलायचं ते बदल! माझ्या गाडीचं माप माझ्या गाडीवर घे. पण मी शेजारी बसून बघणार!"

दसऱ्याला गाडी घाट सरसर चढली. धुराचा मागमूससुद्धा नाही! माथ्यावर महाराजांनी तो मोठा अंगरखा गजाननराजांना भेट दिला. तो त्यांना असा चपखल बसला, की ते विचारतच राहिले, "माझं माप तुम्हाला कसं कळलं?"

हैबतीचं गॅरेज वाचलं. सगळे एकमेकांना आपट्याची पानं देत होते. सगुणाच्या ओंजळीत मात्र महाराजांनी खरं सोनं ठेवलं.

"पण मी आता शिकणार हं!" महाराज ऐटीत म्हणाले. "पुढच्या वर्षी माझी गाडी मीच जुळवणार!"

"जरूर शिका, महाराज," सगुणा म्हणाली. "फक्त आधी दिवाणजींच्या गाडीवर हात बसवा!"

दिवाणजींनी घाईघाईनं आपल्या गाडीची किल्ली फेट्यात खोचली आणि महाराजांच्या हसण्यानं सगळा घाट दणाणून गेला!