अस्वलाचा मध आणि कावळ्याची दवंडी

पोरांनो, नीट बसा आणि मधे बोलू नका. एका जंगलात एक ससा राहत असे. भित्रा तर होताच, वर गोडघाशा. त्याच जंगलात वाळक्या सागावर बसून एक कावळा रोज सकाळी दवंडी पिटायचा. कोण मेलं, कोण व्यालं, कोण कुणाशी भांडलं. आणि दर दोन बातम्यांमागे ओरडायचा, "मध खावा तर अस्वलाचाच!" त्या ओरडण्यापायी अस्वल त्याला पोसायचं, आणि जनावरं मोहाची फुलं देऊन अस्वलाकडून मध न्यायची. पुढे खऱ्या बातमीला गर्दी जमेना, तेव्हा कावळ्याने खोट्या सोडायला सुरुवात केली.

एका उन्हाळ्यात तो ओरडला, "ऐका हो! टिटवीची अंडी साळिंदराने खाल्ली!" साळिंदर सशाच्या शेजारचं. कंदमुळांवर जगणारं, अंड्याच्या वाटेलाही न जाणारं. ते गयावया करत म्हणालं, "ससेभाऊ, तुम्ही तरी सांगा. आपण दोघं तेव्हा कंद उकरत होतो की नाही?" सशाच्या तोंडात मधाचा घास होता. त्याने तो गिळला, त्यासोबत शब्दही गिळला. झालं! सगळ्यांनी साळिंदराला वाळीत टाकलं, पाणवठा बंद केला. बिचारं कोरड्या घशाने डोंगरापलीकडे निघून गेलं.

टिटवीने पुन्हा अंडी घातली. तीही गेली, आणि या खेपेला टरफलं सापडली ती कावळ्याच्या सागाखाली. जाब विचारला तर कावळा वरून म्हणतो कसा, "मी ओरडतो, तुम्ही ऐकता. नका ऐकू!" सशाच्या काळजाला ते लागलं. तो जनावरांना म्हणाला, "याची चोच काही आपल्याला धरता येत नाही. पण याला पोसतं अस्वल, आणि अस्वलाला पोसतो आपण. हा जाईपर्यंत मध बंद!" सगळ्यांनी माना डोलावल्या. पण मध तो मध! कोल्हा म्हणाला, "मी सोडतो हो, पण आधी त्या माकडाला सोडू दे." माकड म्हणालं, "एक बोट चाटलं तर काय आभाळ कोसळतंय?" साळिंदराला वाळीत टाकायला यांना एक सकाळ पुरली होती, मधाला वाळीत टाकता टाकता पावसाळा उलटला. ससा बिळाबिळाशी गेला, हातापाया पडला, टोमणे खाल्ले.

शेवटी मध आंबला, पोळ्यांना मुंग्या लागल्या, अस्वलाच्या दारी चिटपाखरू फिरकेना. तेव्हा ते कावळ्याला म्हणालं, "बाबा रे, तुझ्या जिभेपायी माझा धंदा बसला. तू आता दुसरं रान बघ." कावळा उडाला. जनावरं नाचली. ससा मात्र तडक डोंगरापलीकडे पळत सुटला. "साळिंदरभाऊ, चला! पाणवठा मोकळा झाला!" बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. खाली उन्हाळ्यात आटणारा ओढा आता भरून वाहत होता, आणि त्याच्या काठाला साळिंदराचे काटे विखरून पडले होते. ससा तिथेच बसला. म्हणाला, "ते माझ्यासोबत होतं. आम्ही कंद उकरत होतो." ओढा तेवढा ऐकत होता.

तात्पर्य : खोटं ओरडणाऱ्याला आपलीच चटक पोसत असते. ती सोडायची तर शेजारी जिवंत आहे तोवर सोडावी.