टिचकीची चकचकीत वाटी

एक होती म्हातारी मोटार. तिचं नाव ढबू. ढबूला होते दोन गोल गोल दिवे. एक नुसता मिणमिण करायचा. दुसरा तर मुळी लागायचाच नाही!

त्या न लागणाऱ्या दिव्यात राहायची टिचकी उंदरी. दिव्याच्या आत होती एक वाटी. गोल गोल, चकचकीत वाटी. त्या वाटीत झोपायचं टिचकीचं पिल्लू. दुसरीकडे कुठ्ठे म्हणून झोपायचं नाही. फार नखरेल हो!

ढबू होती द्वारकाकाकूंची. काल काय झालं? ढबूला नीट दिसेना. घुसली थेट कोंबड्यांच्या खुराड्यात! धडाम! क्वॉक क्वॉक क्वॉक!

काकू म्हणाल्या, "पुरे झालं बाई! हिला आता नवे दिवे लावा."

आले गफूरमामा मिस्त्री. खटखट, खुटखुट! जुने दिवे काढले. नवे दिवे बसवले. चकचकीत वाटी टाकली पिशवीत.

टिचकी पडली खाली. पुट्! पिल्लू पडलं तिच्या पाठीवर. पुट्!

"चीं चीं! माझी वाटी! मला झोप आलीऽऽ!"

वाटीच गेली. आता पिल्लू झोपणार कुठे?

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकी गेली मामांकडे.

"गफूरमामा, गफूरमामा, वाटी द्या ना!"

"का गं?"

"पिल्लू माझं झोपेना!"

मामा म्हणाले, "नाही म्हणजे नाही! नवे दिवे लागेनात. नाहीच लागले तर जुनेच परत बसवावे लागतील, वाटीसकट. दिवे लागल्याशिवाय मी वाटी देणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकी गेली दिव्यांकडे.

"दिवेदादा, दिवेदादा, तुम्ही लागा ना!"

"का गं?"

"मामा वाटी देईना,
पिल्लू माझं झोपेना!"

दिवे म्हणाले, "नाही म्हणजे नाही! आम्ही नवे. आम्ही एलईडी. ढबू जागी झाल्याशिवाय आम्ही लागणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकी गेली ढबूकडे. ढबू बसली होती तोंड फुगवून.

"ढबूआजी, ढबूआजी, तू जागी हो ना!"

"का गं?"

"दिवे लागेनात,
मामा वाटी देईना,
पिल्लू माझं झोपेना!"

ढबू म्हणाली, "नाही म्हणजे नाही! मला नवे दिवे लावले. हळदकुंकू नाही, हार नाही, नारळ नाही! असं कोणी करतं का? मी रुसलेय. काकूंनी पूजा केल्याशिवाय मी जागी होणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकी गेली काकूंकडे.

"द्वारकाकाकू, द्वारकाकाकू, तुम्ही पूजा करा ना!"

"का गं?"

"ढबू जागी होईना,
दिवे लागेनात,
मामा वाटी देईना,
पिल्लू माझं झोपेना!"

"अगंबाई! पूजा राहिलीच की!" काकूंनी कपाळावर हात मारला. "पण नाही म्हणजे नाही! घरात होता एक नारळ. तो गेला सकाळी आमटीत. माडाने नारळ टाकल्याशिवाय मी पूजा करणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकी गेली माडाकडे. बाई बाई, केवढा उंच!

"माडआजोबा, माडआजोबा, नारळ टाका ना!"

"का गं?"

"काकू पूजा करेना,
ढबू जागी होईना,
दिवे लागेनात,
मामा वाटी देईना,
पिल्लू माझं झोपेना!"

माड म्हणाला, "नाही म्हणजे नाही! माझी कंबर धरलीय. वाऱ्याने हलवल्याशिवाय मी नारळ टाकणार नाही."

तुरुतुरु तुरुतुरु! टिचकी गेली वाऱ्याकडे. वारा लोळत होता विहिरीच्या काठावर.

"वारोबा, वारोबा, तुम्ही वाहा ना!"

"का गं?"

"माड नारळ टाकेना,
काकू पूजा करेना,
ढबू जागी होईना,
दिवे लागेनात,
मामा वाटी देईना,
पिल्लू माझं झोपेना!"

वारा म्हणाला, "नाही म्हणजे नाही! मला आलाय कंटाळा. हसू आल्याशिवाय मी वाहणार नाही."

आता पुढे कोणाकडे जायचं? पुढे तर कोणीच नाही!

टिचकी दमली. पाय दुखले. पाठीवर पिल्लाचं आपलं चालूच, "चीं चीं! चीं चीं!" टिचकीला आलं रडू. रडत रडत ती परत सांगायला लागली. आणि सगळा घोळ झाला!

"काकू नारळ टाकेना,
माड पूजा करेना,
मामा जागा होईना,
ढबू वाटी देईना,
दिवे माझे झोपेनात,
पिल्लू माझं लागेना!"

"काय?" वारा उठून बसला. "पिल्लू लागेना? पिल्लाला काय बटण आहे?"

आणि वारा हसला! फुस्स! फूऽऽ फूऽऽ! हूऽऽ हूऽऽ! पोट धरधरून हसला.

वारा हसला, माड हलला.
माड हलला, नारळ पडला. धप्प!

काकूंनी ढबूला हळदकुंकू लावलं. हार घातला. उदबत्ती ओवाळली. नारळ फोडला. फट्ट! चाकाखाली लिंबूसुद्धा ठेवलं.

ढबू खुदकन हसली. जागी झाली. घुर्र घुर्र! लिंबू चिरडलं. फच्च!

दिवे लागले. लख्ख! अहाहा! खुराडं दिसलं. कोंबड्या दिसल्या. काकूंचा हरवलेला झारासुद्धा दिसला!

"लागले, लागले!" मामा नाचले. पिशवीतून काढली चकचकीत वाटी. "घे गं टिचके, तुझी तुला!" काकूंनी दिला खोबऱ्याचा तुकडा.

टिचकीने पिल्लाला वाटीत ठेवलं. वर शेपटीचं पांघरूण घातलं. आता झोपणार हं पिल्लू.

छे! कुठलं झोपतंय!

"चीं चीं! डोळ्यांत उजेडऽऽ!"

मामांनी उजेड खाली केला. पिल्लाने एक डोळा मिटला. दुसरा उघडाच!

"मामा," टिचकी हळूच म्हणाली, "दिवे बंद करा ना!"

"बंद?" मामा बघतच राहिले. "अगं, आत्ताच तर लागले!"

"हो. पण बंद."

मामांनी बटण दाबलं. टिक्!

मग काय झालं?

वारा हसेना,
माड हलेना,
काकू बोलेना,
ढबू घुरघुरेना,
दिवे लागेनात,
मामा हूं की चूं करेना.

का बरं?

शूऽऽ!

पिल्लू झोपलं.