साळूचं धाबं आणि राजाचा नकाशा

फार फार वर्षांमागची ही गोष्ट. तेव्हा नद्या माणसांना न विचारता आपली वाट बदलत, आणि माणसं मुकाट्याने त्यांच्या मागे जात. एका राज्यातली नदी अशीच एका वर्षी जुनं गाव सोडून दोन कोस पलीकडे निघून गेली. गावातल्या विहिरी आटल्या. तेव्हा तिथल्या राजाने ठरवलं की नदीकाठच्या माळावर नवं नगर वसवायचं.

राजा मनाचा चांगला होता, पण उतावळा. त्याने राज्याच्या मुख्य स्थपतीला बोलावलं. स्थपती म्हणजे घरं, रस्ते, विहिरी यांची आखणी करणारा जाणकार. हा स्थपती म्हातारा होता, आणि त्याच्या देखरेखीखाली बांधलेली एकही भिंत आजवर खचली नव्हती. त्याचा त्याला अभिमानही होता.

"महाराज," तो म्हणाला, "लोकांच्या मर्जीवर सोडाल तर एकाचं दार पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. नगर राहील बाजूला, जत्रा होईल. मी एकच नकाशा काढतो. सगळी घरं त्या नकाशाबरहुकूम बांधू."

राजाला ते पटलं. लगेच दवंडी पिटली गेली. प्रत्येक घराला दोन खोल्या, मधे अंगण, वर उतरती कौलं, भिंतींना पांढरा चुना. राजमुद्रेशिवाय कोणी एक वीटही हलवायची नाही!

दोन वर्षांत नगर उभं राहिलं. खरं सांगायचं तर ते देखणं होतं. रस्ते रुंद, गटारं सरळ, विहिरींचं पाणी गोड. परक्या देशाचे राजदूत आले की राजा त्यांना मुद्दाम फिरवून आणी.

पण राहायला गेलेल्यांना हळूहळू कळू लागलं. कुंभाराने अंगणात भट्टी पेटवली की धूर दोन्ही खोल्यांत भरायचा. नऊ माणसांच्या कुटुंबालाही दोन खोल्या आणि एकट्या म्हाताऱ्यालाही दोनच. जानू नावाचा एक विणकर होता. त्याचा माग आतल्या खोलीत बसवलेला, आणि त्या खोलीला खिडकी एक वीतभर. दिवसाढवळ्या दिवा लावून तो विणायचा. त्याचे डोळे सतत लाल असायचे.

त्याच गल्लीत साळू रंगारीण राहत होती. नवरा वारल्यावर तिने एकटीने धंदा सांभाळला होता. तिचे हात कोपरापर्यंत निळे. तिच्या निळीची लुगडी चार गावांत नावाजलेली. पण अठरा हात लुगडं वाळवायला मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं, लागतं, आणि इथे तर वर उतरती कौलं. अंगणातल्या सावलीत लुगड्याला वाळायला तीन दिवस लागायचे. रंग कुठे गडद, कुठे फिका बसायचा. गिऱ्हाइकं माल परत करू लागली.

साळूने धाब्याची परवानगी तीनदा मागितली. तिसऱ्या वेळी कारकून वर न बघताच म्हणाला, "नकाशात धाबं नाही."

तेव्हा साळूने स्वतः शिडी लावली, कौलं उतरवली आणि लाकडं टाकून, माती चोपून वर सपाट धाबं केलं.

चौथ्या दिवशी खुद्द स्थपती तिच्या दारात आला.

"बाई, राजाज्ञा मोडलीत तुम्ही," तो कडाडला. "संध्याकाळच्या आत ते धाबं उतरवा."

"स्थपतीबुवा, आधी आत या. पाणी घ्या," साळू म्हणाली. "आणि मला सांगा, हे घर काढताना तुम्ही कोणाचा विचार केला होतात?"

"नगराचा!"

"नगर म्हणजे कोण? मी त्यात येते की नाही?"

स्थपतीने वर धाब्याकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "आज तुम्ही धाबं कराल, उद्या दुसरा मनोरा करेल. कुठे थांबायचं, ते कोण सांगणार?"

"ते मला ठाऊक नाही," साळू म्हणाली. "पण माझी लुगडी कुठे वाळवायची, ते मला ठाऊक आहे. माझी जागा, माझं घर. धाबं उतरणार नाही."

प्रकरण दरबारात गेलं. साळू राजासमोर उभी राहिली, तेव्हा तिच्या मागे कुंभार होता, जानू होता, आणि निम्मी गल्ली होती.

"महाराज," ती म्हणाली, "तुमचं नगर रस्त्यावरून बघणाऱ्याला छान दिसतं. आम्ही आत राहतो. एकदा आत येऊन बघा."

राजा खरोखरच गेला. जानूच्या खोलीत तो मागावर बसला, आणि थोड्याच वेळात डोळे चोळत बाहेर आला. उतावळाच तो. तिथल्या तिथे त्याने हुकूम दिला, "आजपासून नकाशा रद्द! राजमुद्राही नको. ज्याने त्याने आपल्या मनासारखं बांधावं."

लोकांनी जयजयकार केला. स्थपतीने आपली मोजणीची दोरी राजाच्या पायाशी ठेवली, आणि तो नगराच्या टोकाला आपल्या घरी निघून गेला. ते घरही त्याच नकाशाचं होतं.

पुढची तीन वर्षं नगराला जणू पालवी फुटली. कुंभाराने भट्टी मागच्या बाजूला नेली. जानूने दक्षिणेची भिंत फोडून मागाएवढी मोठी खिडकी केली. त्याच्या कापडावर पहिल्यांदाच मोर उमटले, आणि त्याची बायको पारू ते बघायला शेजारणींना बोलावू लागली. कोणी ओसरी काढली, कोणी भिंतींना गेरू लावला. साळूचं धाबं तर निळ्या लुगड्यांनी भरून जायचं.

पण कोंडाशेट नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्यानेही हुकूम ऐकला होता. साळूच्या घराला लागून त्याचं कोठार होतं. त्याने ते चार मजली चढवलं, आणि पायऱ्या थेट रस्त्यात काढल्या. त्याचं बघून समोरच्याने आपली ओसरी तीन हात पुढे सरकवली. मग त्याच्या शेजाऱ्याने. बघता बघता रुंद रस्त्याची बोळ झाली. आणि साळूच्या धाब्यावर दुपारनंतर ऊन येईनासं झालं.

साळू कोंडाशेटकडे गेली.

"शेट, तुमचं कोठार माझं ऊन खातंय."

कोंडाशेट हसला. त्याने तिला बसायला पाट दिला आणि गोड आवाजात म्हणाला, "साळूबाई, स्थपतीबुवांना तुम्हीच सांगितलंत ना? माझी जागा, माझं घर. आता मी तेच म्हटलं तर चुकलं कुठे?"

साळू पाटावरून उठली. ती तणतणत घरी आली, तर दारात भागू गवळण उभी.

"तुझ्याचकडे आले होते गं," भागू म्हणाली. "गल्लीच्या विहिरीला हल्ली माझ्या गाई तोंड लावत नाहीत. पाण्याला निळीचा वास येतो. तुझे निळीचे रांजण विहिरीच्या वरच्या अंगाला आहेत ना?"

रांजण साळूनेच तिथे पुरले होते. जागा तिची होती. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. पण तिने रांजण हलवलेही नाहीत. आधी शेटने कोठार उतरवावं, मग बघू, असं ती मनाशी म्हणत राहिली. आपणही असंच म्हणतो, नाही का?

आणि मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी गल्लीत आग लागली.

पिंजाऱ्याच्या घरात कापसावर ठिणगी पडली होती. बघता बघता चार घरं पेटली. नदीवरून पखालींचे बैल धावत आले. पाठीच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या मोठाल्या कातडी पिशव्या. पण कोंडाशेटच्या पायऱ्यांपाशी पहिलाच बैल अडकला. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. त्याच्यामागे वीस बैल, वीस पखाली पाणी, आणि पन्नास पावलांवर आग.

माणसं घरांत कोंडली गेली. साळूने धाब्यावरून शिड्या सोडल्या. सहा घरांतली लेकरं, बाया, म्हातारे तिच्या धाब्यावर चढले आणि मागच्या गल्लीत उतरले. तिने स्वतः हात देऊन वीसेक माणसं ओढून घेतली. जानूलाही तिने वर घेतलं होतं. पण मागावर अर्धं कापड होतं, ते आणायला तो परत खाली गेला. तो आलाच नाही.

अकरा घरं जळाली.

चौथ्या दिवशी सगळं नगर दरबारात जमलं. लोक ओरडत होते, "महाराज, जुना हुकूम परत आणा! एकच नकाशा!" ज्यांनी पूर्वी जयजयकार केला होता, तेच ओरडण्यात पुढे होते. राजाचा चेहरा उतरला होता. त्याने स्थपतीला बोलावणं धाडलं होतं, आणि राजमुद्रा हातात घेऊन तो बसला होता.

तेवढ्यात पारू पुढे आली. जानूची बायको. लोकांनी तिला वाट करून दिली.

"महाराज," ती म्हणाली, "माझ्या धन्याच्या नावाने तुम्ही खिडक्या बुजवणार असाल, तर तसं करू नका. त्या अंधाऱ्या खोलीत त्याचे डोळे जात होते. त्याला खिडकी हवीच होती. पण त्याच्यापर्यंत पाणी पोचायला वाटही हवी होती. तुम्ही आधी वाट दिलीत, नि खिडकी दिलीत तेव्हा वाट काढून घेतलीत. आम्हाला दोन्ही हवंय."

राजाने मुद्रा खाली ठेवली. साळू तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"महाराज, कोंडाशेटने रस्ता खाल्ला, मी विहीर नासवली," ती म्हणाली. "माझी जागा, माझं घर, हे मी म्हणाले ते खोटं नव्हतं. पण माझं घर कुठे संपतं, ते मी बघितलंच नाही."

मग राजा नुकत्याच येऊन पोचलेल्या स्थपतीकडे वळला. "आता तुम्ही सांगा. तुमचा शब्द खरा ठरला."

म्हातारा स्थपती काठी टेकत उभा राहिला. "महाराज, निम्माच खरा ठरला," तो म्हणाला. "तीन वर्षं मी माझ्याच नकाशाच्या घरात राहतोय. गेल्या उन्हाळ्यात उकाडा सोसेना, म्हणून मीसुद्धा भिंत फोडून खिडकी केली. कोणाला सांगितलं नाही, इतकंच."

त्या दुःखातही लोकांना हसू आलं. स्थपतीलाही आलं.

"घर कसं असावं, ते त्यात राहणाऱ्याला माझ्याहून जास्त कळतं," तो पुढे म्हणाला. "तिथे मी हात घालायला नको होता. पण रस्ता किती रुंद, सांडपाणी कुठून जावं, भिंत किती उंच गेली की शेजाऱ्याच्या अंगणात अंधार पडतो, हे एकेकट्याने ठरवायचं नसतं. तेवढाच नवा नकाशा काढू या. घरांची जागा त्यात कोरी राहील. आणि तो मी एकटा काढणार नाही. प्रत्येक गल्लीने दोन पंच द्यावेत."

"मला माझे वरचे मजले उतरवावे लागतील की काय?" कोंडाशेट घाईने म्हणाला. "आधी बाकीच्यांचं बघा, मग माझ्याकडे या!"

साळूने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कुदळ घेऊन विहिरीपाशी गेली. तिच्या नवऱ्याच्या हातचा सगळ्यात जुना रांजण तिथे पुरलेला होता. तो काढताना फुटला. ती क्षणभर खाली बसली, डोळे पुसले, आणि दुसरा खणायला लागली. थोड्या वेळाने भागू आली. मग पारू आली. दुपारपर्यंत निम्मी गल्ली खणत होती, आणि संध्याकाळी रांजण विहिरीच्या खालच्या अंगाला, नदीकडे गेले होते.

कोंडाशेट गच्चीवरून बघत होता. त्याचं मन लगेच द्रवलं, असं काही मी सांगणार नाही. त्याने आठ दिवस पंचांशी घासाघीस केली. पण ज्या गल्लीत साळूने स्वतःहून आपले रांजण खणून काढले, तिथे "आधी बाकीच्यांचं बघा" म्हणायला त्याला जागा उरली नाही. नवव्या दिवशी त्याने पायऱ्या तोडल्या. महिन्याभरात वरचे दोन मजलेही उतरवले.

नवा नकाशा पंचांनी आणि स्थपतीने मिळून केला. तो एका कातड्यावर मावला. त्यात रस्ते होते, विहिरी होत्या, गटारं होती आणि भिंतींची उंची होती. घरांच्या जागी त्यात कुठेही रेघ नव्हती.

ते नगर पुढे पुष्कळ वाढलं. बाहेरगावचं एखादं कुटुंब तिथे वसायला आलं की विचारायचं, "घराची परवानगी कोणाकडे मागायची?" तेव्हा गल्लीतले पंच त्यांना जागेवर नेत, रस्त्याची कड दाखवत, सांडपाण्याची वाट दाखवत, शेजाऱ्याच्या अंगणात ऊन कुठून येतं ते दाखवत. मग म्हणत, "एवढं सांभाळा. बाकी घर तुमचं आहे, तुमच्या मनासारखं बांधा."

तात्पर्य: घर कसं असावं ते त्यात राहणाऱ्याने ठरवावं, वाट, पाणी आणि ऊन मात्र सगळ्यांनी मिळून राखावं.